शेअर्ड फोल्डरमधून कार्यालयातील संगणकांवर ऑफिस बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांची कार्यालये, कॅनडा कॉर्नर परिसरातील सनदी लेखापालांच्या कचेऱ्या, जिल्ह्यातील पतसंस्था, द्राक्षनिर्यातीची कागदपत्रे सांभाळणाऱ्या संस्था, अशा ठिकाणी साधारण दहा ते पन्नास संगणक असतात आणि त्यांची देखभाल बहुधा एकच व्यक्ती, तीही इतर कामे सांभाळून, करत असते. शेअर्ड फोल्डरमधून, म्हणजे नेटवर्कवरून इतर संगणकांना उघडता येणाऱ्या फोल्डरमधून, या सर्व संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस कसे बसवावे, याविषयीची ही प्रश्नोत्तरे त्या व्यक्तीसाठी आहेत. नाशिकमध्ये अशा कार्यालयांची नेटवर्कची कामे करताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, तेच येथे घेतले आहेत. बहुतेक अडचणींच्या मुळाशी दोनच गोष्टी सापडतात: फोल्डर नेमका कोणाच्या नावाने उघडला जात आहे, आणि फायली खरोखर कुठून येत आहेत. आज्ञा व फायलींतील शब्द येथे देवनागरीत दिले असले, तरी संगणकावर ते रोमन लिपीतच टाइप करावयाचे आहेत.

पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक टेबलावर जाणे सोपे नाही का? शेअर्ड फोल्डरचा खटाटोप कशासाठी?

तीन-चार संगणक असतील तर पेनड्राइव्हने काम भागते आणि तसे करण्यात काहीही गैर नाही. संख्या दहाच्या पुढे गेली की वेळेपेक्षाही मोठा प्रश्न एकसारखेपणाचा होतो. पेनड्राइव्हवरची प्रत कोणी केव्हा केली हे कोणालाच आठवत नाही, एका टेबलावर ३२ बिट तर शेजारी ६४ बिट ऑफिस बसते, एकाकडे मराठी शुद्धलेखन तपासणी असते आणि दुसऱ्याकडे नसते. हे फरक त्या दिवशी दिसत नाहीत. ते मार्चअखेरीस, एकाची एक्सेल फाइल दुसऱ्याकडे नीट उघडत नाही तेव्हा दिसतात. शिवाय एकाच पेनड्राइव्हने वीस संगणकांना भेट दिली, तर एका संगणकावरील व्हायरस उरलेल्या एकोणीस ठिकाणी पोहोचवण्याचे कामही तोच करतो.

शेअर्ड फोल्डरमधून बसवल्यावर ऑफिस सर्व्हरवरून चालते का? सर्व्हर बंद झाला तर वर्ड बंद पडेल का?

नाही. फोल्डर हा केवळ फायलींचा साठा असतो. सेटअप तेथून फायली वाचतो, त्या प्रत्येक संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवतो, आणि त्यानंतर त्या संगणकाला रोजच्या कामासाठी फोल्डरची गरज उरत नाही.

हा गैरसमज जुन्या काळातून आला असावा. ऑफिस २००३ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये सेटअपला तिरपी रेघ आणि ए हे अक्षर जोडून नेटवर्कवर एक प्रशासकीय प्रत तयार करता येत असे आणि तिच्यातील काही भाग नेटवर्कवरूनच चालवण्याची सोयही होती. ऑफिस २००७ मध्ये ती पद्धत बंद झाली. आजचे ऑफिस क्लिक-टू-रन या पद्धतीने बसते, म्हणजे त्यात पूर्वीसारखी एमएसआय फाइल, म्हणजे विंडोजच्या जुन्या पद्धतीची इन्स्टॉलेशनची फाइल, नसते. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या वहीत लिहून ठेवलेल्या आज्ञा आज चालत नाहीत, आणि त्या चालत नाहीत म्हणून नेटवर्कमध्ये दोष शोधत बसणे व्यर्थ ठरते.

कोणती आवृत्ती बसवावी? आमच्याकडे ऑफिस २०१६ व्यवस्थित चालू आहे.

चालू असणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या दोन्हींचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षा अद्यतने मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्याच दिवशी विंडोज १० चाही नियमित आधार संपला. ऑफिस एलटीएससी (संस्थांसाठीची, दीर्घकाळ न बदलणारी आवृत्ती) २०२१ ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तर एलटीएससी २०२४ ला ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळणार आहेत. नव्याने बसवण्याचे श्रम घ्यायचेच असतील, तर ते २०२४ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ साठी घ्यावेत.

परवाना कोणता आहे हे मात्र आधी पाहावे. एलटीएससी आवृत्त्या संस्थांसाठीच्या घाऊक परवान्यातच मिळतात आणि एकाच फोल्डरमधून अनेक संगणकांवर बसवण्यासाठी त्या सर्वांत सोयीच्या आहेत. दुकानातून घेतलेल्या सुट्या प्रतींची प्रत्येक की, म्हणजे सक्रिय करण्याचा संकेतक्रमांक, स्वतंत्रपणे मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडावी लागते, त्यामुळे फायली एका फोल्डरमधून आल्या तरी पुढचे काम टेबलागणिक करावेच लागते. होम अँड स्टुडंट नावाने विकल्या गेलेल्या आवृत्त्यांना व्यावसायिक वापराची परवानगीच नाही. खरेदीचे बिल जपून ठेवले आहे म्हणजे परवाना बरोबर आहे, असे अनेक कार्यालयचालक मानतात, परंतु बिलावर नाव कोणत्या आवृत्तीचे आहे ते एकदा वाचून पाहावे.

फोल्डर कोणत्या संगणकावर ठेवावा? आमच्याकडे सर्व्हर नाही.

सर्व्हर नसला तरी चालते. विंडोजचा एखादा साधा संगणक किंवा नेटवर्कला जोडलेली साठवण पेटी, जिला सगळे नॅस म्हणतात, ती पुरेशी आहे. साध्या विंडोज १० किंवा ११ संगणकावर एका वेळी जास्तीत जास्त २० जोडण्या स्वीकारल्या जातात, ही मर्यादा लक्षात ठेवावी. पंचवीस संगणकांवर एकदम काम सुरू केल्यास शेवटच्या काही संगणकांना जागा मिळणार नाही आणि संदेश मात्र असा येईल की जणू केबलच तुटली आहे. प्रिंटर किंवा टॅलीचा डेटा याच संगणकावरून वाटलेला असेल, तर त्या जोडण्याही या वीसमध्येच मोजल्या जातात.

हा संगणक केबलने जोडलेला असावा, वाय-फायने नव्हे. त्याची झोपी जाण्याची सोय काम होईपर्यंत बंद ठेवावी. कोणाच्या रोजच्या वापरातला संगणक निवडू नये, कारण जेवणाच्या सुट्टीत तो बंद करून जाणारा माणूस चुकीचे काहीच करत नसतो.

फोल्डरला परवानग्या कशा द्याव्यात? सर्वांना पूर्ण अधिकार दिले की अडचण येत नाही, असे एकाने सांगितले.

हा सल्ला मी अनेक ठिकाणी ऐकला आहे, आणि या संपूर्ण विषयात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच सल्ल्याची. ज्या फोल्डरमधून कार्यालयातील प्रत्येक संगणक प्रशासकाच्या अधिकाराने एक फाइल चालवणार आहे, त्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार म्हणजे सर्व संगणकांच्या किल्ल्या आहेत. एका संगणकात शिरलेल्या घातक प्रोग्रॅमला सेटअपची फाइल बदलता आली, तर पुढचे काम आपणच आपल्या हाताने करतो. खंडणीखोर प्रोग्रॅमना तर लिहिता येण्याजोगे शेअर्ड फोल्डरच हवे असतात.

म्हणून फोल्डर वाचण्यापुरताच खुला असावा. विंडोजमध्ये परवानग्या दोन जागी असतात, एक शेअरची आणि दुसरी डिस्कवरील फोल्डरची. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोहोंपैकी जी अधिक कडक असेल ती लागू होते. त्यामुळे शेअरला वाचण्याची परवानगी दिली आणि डिस्कवरील फोल्डरला दिलीच नाही, तर प्रवेश नाकारला जातो, आणि लोक वैतागून दोन्हीकडे सर्वांना पूर्ण अधिकार देऊन टाकतात. दोन्हीकडे वाचण्याची परवानगी द्यावी आणि लिहिण्याची परवानगी फक्त आपल्या प्रशासकीय खात्याला ठेवावी.

डोमेन, म्हणजे सर्व खाती व संगणक एका सर्व्हरवरून सांभाळण्याची व्यवस्था, नसलेल्या कार्यालयात फोल्डरच्या संगणकावर केवळ याच कामासाठी एक साधे खाते काढावे, त्याला चांगला पासवर्ड द्यावा आणि सर्व ठिकाणांहून त्याच खात्याने फोल्डर उघडावा. शेअरच्या नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह दिले, तर तो नेटवर्कच्या यादीत दिसत नाही. हे केवळ झाकणे झाले, त्याला कुलूप समजू नये.

फोल्डरमध्ये नेमके काय ठेवायचे?

मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर ऑफिस डिप्लॉयमेंट टूल विनामूल्य मिळते. त्यातून सेटअपची फाइल आणि नमुन्याच्या काही एक्सएमएल फायली निघतात. सेटअपच्या फाइलवर उजवी क्लिक करून, गुणधर्मांतील डिजिटल स्वाक्षरीच्या पानावर मायक्रोसॉफ्टचे नाव आहे का, हे पाहावे. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

त्यानंतर काय आणि कसे बसवायचे हे सेटअपला सांगणारी कॉन्फिगरेशनची एक्सएमएल फाइल तयार करून, सेटअप, एक जागा, तिरपी रेघ, डाउनलोड आणि त्या फाइलचे नाव, अशी आज्ञा एकदाच द्यायची. इंटरनेटवरून काही जीबी फायली उतरतात आणि ऑफिस नावाचा उपफोल्डर, त्यात डेटा आणि त्यात आवृत्तीच्या क्रमांकाचा फोल्डर, अशी रचना तयार होते. या रचनेतील नावे बदलू नयेत. ऑफिस या उपफोल्डरला नीटनेटकेपणासाठी दुसरे नाव दिले, की सेटअपला फायली सापडत नाहीत.

कॉन्फिगरेशन फाइलमध्ये कशाकडे लक्ष द्यावे?

फाइल हाताने लिहिण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील कस्टमायझेशन टूलने बनवून घ्यावी, कारण एखादे अवतरणचिन्ह चुकले तरी एक्सएमएल फाइल वाचली जात नाही. वर्डमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून नक्कल केलेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे येतात आणि तेवढ्यावर अख्खी दुपार वाया जाऊ शकते. उत्पादनाचे नाव आणि चॅनेल (अद्यतनांचा प्रवाह) यांची जोडी जुळली पाहिजे: प्रोप्लस२०२४व्हॉल्यूम या उत्पादनाला परपेच्युअलव्हीएल२०२४ हाच चॅनेल हवा.

सोर्सपाथ या गुणधर्मात शेअरचा पूर्ण पत्ता द्यावा, म्हणजे \\सर्व्हर\ऑफिससोर्स$ या धर्तीवर. कार्यालयात न लागणारे प्रोग्रॅम, उदाहरणार्थ आउटलुक किंवा अ‍ॅक्सेस, येथेच वगळता येतात. फाइलमध्ये उत्पादनाची की लिहिली असेल, तर ती साध्या अक्षरांत असते आणि फोल्डर वाचू शकणाऱ्या प्रत्येकाला दिसते, त्यामुळे वाचण्याची परवानगीही विचार करूनच द्यावी.

शेअरमधून बसवायला सांगितले, तरी सर्व संगणक इंटरनेटवरूनच उतरवत होते. असे का झाले?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, कारण येथे चूक झाली तरी काम बिघडत नाही, फक्त फार वेळ लागतो. सोर्सपाथ दिलेला नसेल, तर सेटअप आधी जवळच्या फोल्डरमध्ये फायली शोधतो, आणि त्या मिळाल्या नाहीत तर काहीही न विचारता मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठ्याकडे वळतो. ऑफिस शेवटी बसतेच. अंबडमधील एका कार्यालयात अठरा संगणकांवर असेच झाले. सायंकाळी सहाला सुरू केलेले काम मध्यरात्री संपले आणि दुसऱ्या दिवशी इंटरनेटचा मासिक कोटा संपल्याचा संदेश आला. तेव्हा मीही सोर्सपाथ नीट तपासला नव्हता.

पुष्कळदा कारण बॅच फाइलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये, असते. नेटवर्कवरील फोल्डर उघडून तेथील बॅच फाइलवर डबल क्लिक केले, तर विंडोजची काळी खिडकी नेटवर्कच्या पत्त्याला आपला चालू फोल्डर मानत नाही. तसा इशारा देऊन ती थेट विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन उभी राहते. मग बॅच फाइलमध्ये नुसते नाव दिलेली कॉन्फिगरेशन फाइल तिला सापडणार कशी? यावर दोन उपाय आहेत. एक तर प्रत्येक ठिकाणी पूर्ण पत्ता लिहावा, किंवा बॅच फाइलच्या सुरुवातीला पुशडी ही आज्ञा वापरून त्या पत्त्याला तात्पुरते ड्राइव्ह-अक्षर मिळू द्यावे. मी पहिला उपाय पसंत करतो, कारण पूर्ण पत्ता वाचणाऱ्यालाही कळतो.

फायली कुठून येत आहेत हे डोळ्यांनी पाहता येते. ज्या संगणकावर फोल्डर आहे, त्यावरील कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स या विभागात सध्या उघडलेल्या फायलींची यादी दिसते. काम सुरू झाल्यावर एका मिनिटात तेथे ऑफिसच्या फायली दिसल्या नाहीत, तर थांबून पत्ता तपासावा.

झेड ड्राइव्ह फाइल एक्सप्लोररमध्ये दिसतो, पण प्रशासक म्हणून सेटअप चालवला की तो ड्राइव्हच नाही असे सांगितले जाते.

दोष ड्राइव्हचा नाही. विंडोजमध्ये प्रशासक असलेल्या वापरकर्त्यालाही दोन वेगळ्या ओळखी मिळतात, एक रोजच्या कामाची आणि दुसरी परवानगीची खिडकी मान्य केल्यानंतरची. पहिल्या ओळखीने जोडलेला ड्राइव्ह दुसरीला दिसत नाही. ड्राइव्ह-अक्षरे बाजूला ठेवून नेटवर्कचा पूर्ण पत्ता वापरला, की हा प्रश्न उद्भवतच नाही. कर्मचाऱ्याचे खाते साधे असेल आणि परवानगीच्या खिडकीत दुसऱ्याचा पासवर्ड टाकला असेल, तर शेअर त्या दुसऱ्या खात्याच्या नावाने उघडला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

नेटवर्कचा मार्ग सापडत नाही, असा संदेश येतो. नव्या लॅपटॉपवरच हे का होते?

प्रथम साध्या गोष्टी पाहाव्यात: दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर आहेत का, नव्या लॅपटॉपने पाहुण्यांसाठीचे वाय-फाय तर पकडलेले नाही ना, आणि त्याच्या नेटवर्कचा प्रकार सार्वजनिक ठेवला गेला आहे का. फोल्डर असलेल्या संगणकाचे नेटवर्क सार्वजनिक असेल, तर त्याची फायरवॉल बाहेरून येणाऱ्यांना उभे करत नाही.

नव्या लॅपटॉपचे खास कारण वेगळे असू शकते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो संगणकांवर नेटवर्कवरील फायलींच्या देवाणघेवाणीला डिजिटल सही सक्तीची झाली आहे, आणि पासवर्डाशिवाय पाहुणा म्हणून शेअर उघडणे बंद केले आहे. जुन्या नॅस पेट्या नेमक्या याच दोन सवलतींवर चालत होत्या. त्याही आधी, २०१७ पासून, नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबीची, म्हणजे विंडोजमधील नेटवर्कवरून फायली देण्या-घेण्याच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती मुळातच दिली जात नाही. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम तिच्यातील दोषातून जगभर पसरला होता. काही तंत्रज्ञ जुनी पेटी चालावी म्हणून लॅपटॉपवरील ही सर्व कुंपणे काढतात. तसे करू नये. पेटीचे फर्मवेअर, म्हणजे तिच्यातील मूळ प्रोग्रॅम, अद्ययावत करावे, तिच्यात पासवर्ड असलेले खाते काढावे, आणि तेही जमत नसेल तर फोल्डर विंडोजच्या संगणकावर हलवावा.

एकाच सर्व्हरवर एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडणी करता येत नाही, असे सांगणारा १२१९ क्रमांकाचा दोष आला, तर कर्मचाऱ्याच्या नावाने आधीच उघडलेली जोडणी नेट यूज आज्ञेने तोडावी आणि मग आपल्या खात्याने जोडावे.

एका वेळी किती संगणकांवर काम सुरू करावे?

हे स्विचवर आणि केबलवर अवलंबून आहे, आणि हिशेब सोपा आहे. तीन जीबी फायली म्हणजे सुमारे २४ गिगाबिट. १०० मेगाबिटच्या जोडणीवर एका संगणकाला किमान चार मिनिटे लागतात. दहा संगणकांनी एकदम मागणी केली, तर सर्व फायली फोल्डरच्या संगणकाच्या त्या एकाच केबलमधून जाणार असल्याने चाळीस मिनिटे होतात. गिगाबिट जोडणीवर हेच दहा संगणक चार-पाच मिनिटांत वाचून होऊ शकतात, पुढची मर्यादा डिस्कची असते.

गिगाबिट स्विच घेऊनही वेग वाढत नसेल, तर केबलच्या टोकाकडे पाहावे. गिगाबिटला केबलमधील चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात. क्रिम्पिंग करताना उरलेल्या दोन जोड्यांतील एक तार नीट बसली नाही, तर बहुधा जोडणी तुटत नाही, ती निमूटपणे १०० वर उतरते. नेटवर्कच्या स्थितीच्या खिडकीत वेगाचा आकडा लिहिलेला असतो.

माझी पद्धत अशी आहे की पहिल्या दिवशी एकाच संगणकावर बसवावे आणि तो ज्याचा आहे त्याला एक पूर्ण दिवस त्यावर काम करू द्यावे. त्यानंतर पाच-पाचच्या गटाने पुढे जावे. द्राक्षनिर्यातीशी संबंधित कार्यालयांनी जानेवारी ते एप्रिल आणि इतरांनी मार्चचा महिना या कामासाठी टाळावा.

जुने ऑफिस आधी काढावे लागते का? ३२ बिट की ६४ बिट?

जुने ऑफिस एमएसआय पद्धतीचे असेल, तर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये रिमूव्हएमएसआय हा घटक दिल्यास सेटअप ते स्वतः काढतो. एकाच संगणकावर ३२ आणि ६४ बिटची ऑफिसे एकत्र नांदत नाहीत. ऑफिस २०१९ पासून सेटअप सांगितले नाही तर ६४ बिटच निवडतो आणि बहुतेकांसाठी तेच योग्य आहे. जुनी मॅक्रो, अ‍ॅड-इन किंवा ओडीबीसी (दुसऱ्या प्रोग्रॅममधील डेटा वाचण्याचा) ड्रायव्हर वापरणाऱ्या टेबलांकडे मात्र आधी जाऊन विचारावे. टॅलीतून एक्सेलमध्ये ओडीबीसीने आकडे आणायचे असतील, तर ड्रायव्हर आणि एक्सेल दोन्ही एकाच बिटचे लागतात.

आउटलुकमधील पीएसटी फायली ऑफिस काढल्याने पुसल्या जात नाहीत, तरीही काम सुरू करण्यापूर्वी त्यांची प्रत घ्यावी. दहा वर्षांचा पत्रव्यवहार असलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

मराठीची काय सोय आहे?

येथे तीन गोष्टींची गल्लत होते. मराठी टाइप करणे हे विंडोजचे काम आहे, ऑफिसचे नाही. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमधून जोडायचा असतो. मेनू मराठीत दिसणे आणि मराठी शुद्धलेखन तपासणी या गोष्टी ऑफिसमधून येतात. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मराठीचा संकेत एमआर-आयएन असा आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या वर्गवारीत मराठी अंशतः उपलब्ध भाषा असल्याने ती एकटी देता येत नाही, सोबत इंग्रजीसारखी एक पूर्ण भाषा द्यावी लागते. ही भाषा डाउनलोडच्या वेळीच फाइलमध्ये असावी, नाहीतर तिच्या फायली फोल्डरमध्ये येणार नाहीत.

तिसरी गोष्ट फाँटची. नवीन संगणकावर जुनी मराठी पत्रे वेगळ्या वळणाची दिसू लागली, ओळी पुढच्या पानावर सरकल्या, अशी तक्रार येते आणि दोष नव्या ऑफिसला दिला जातो. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फाँट देवनागरीच्या पूरक फाँटमध्ये गेले असून ते वैकल्पिक सोयींमधून वेगळे घ्यावे लागतात. ज्या कार्यालयाचा पत्रव्यवहार मराठीत चालतो, त्याने हे काम ऑफिस बसवण्याच्या यादीतच धरावे.

आमच्याकडे डोमेन आहे. कोणाच्याही टेबलावर न जाता हे करता येईल का?

येईल, पण ग्रुप पॉलिसीतील, म्हणजे डोमेनमधील सर्व संगणकांना एकदम नियम लावण्याच्या सोयीतील, सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशनने नाही. ती सोय एमएसआय फायलींसाठी आहे आणि आजच्या ऑफिसमध्ये तशी फाइल नसते. त्याऐवजी संगणक सुरू होताना चालणारी स्टार्टअप स्क्रिप्ट वापरावी. ती चालते तेव्हा कोणीही लॉगइन केलेले नसते, त्यामुळे फोल्डर उघडतो तो संगणकाच्या स्वतःच्या खात्याने. परवानगी कर्मचाऱ्यांच्या गटाला देऊन भागत नाही, ती डोमेन कॉम्प्युटर्स या गटाला द्यावी लागते.

स्क्रिप्टमध्ये ऑफिस आधीच बसलेले आहे का, याची तपासणी असावी, नाहीतर ती रोज सकाळी सेटअपला हाक मारेल. जलद डिस्कच्या संगणकांवर नेटवर्क तयार होण्याआधीच स्क्रिप्ट धावते आणि मार्ग सापडत नाही. नेटवर्कची वाट पाहण्याची पॉलिसी लावल्यावर हे थांबते.

सक्रिय करण्याचे काम कसे होते? एकाने कायमस्वरूपी सक्रिय करणारा छोटा प्रोग्रॅम दिला आहे.

घाऊक परवान्यात दोन मार्ग आहेत. एमएके या कीने प्रत्येक संगणक इंटरनेटवरून एकदा सक्रिय होतो आणि कीवर ठरावीक संख्येची मर्यादा असते. केएमएस पद्धतीत कार्यालयातीलच एक संगणक इतरांना सक्रिय करतो. ऑफिससाठी त्याच्याकडे किमान पाच संगणकांची मागणी पोहोचावी लागते, पोर्ट १६८८ खुला लागतो आणि सक्रियता १८० दिवस टिकते. संगणक मधून मधून तिचे नूतनीकरण करून घेतात. तीस-चाळीसपेक्षा कमी संगणक असलेल्या कार्यालयाने एमएके घ्यावी, असे माझे मत आहे.

तो छोटा प्रोग्रॅम फोल्डरमध्ये ठेवू नये आणि चालवूही नये. तो चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, म्हणजे अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम प्रशासकाच्या अधिकाराने आणि पहारेकरी बाजूला सारून सर्व संगणकांवर चालवायचा. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे: कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३ब नुसार, बेकायदा प्रत जाणीवपूर्वक संगणकावर वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

परवान्याचा खर्च परवडत नाही. दुसरा पर्याय आहे का?

आहे. लिब्रेऑफिस विनामूल्य आहे, व्यावसायिक वापरालाही मोकळे आहे आणि त्यात मराठी मेनू मिळतात. त्याची एमएसआय फाइल असल्याने वर सांगितलेली ग्रुप पॉलिसीची सोय त्याला लागू होते, आणि डोमेन नसेल तर एमएसआयएक्सेक या आज्ञेने शेअरमधून तो मूकपणे बसवता येतो. एक्सेलमधील मॅक्रो त्यात जशीच्या तशी चालतील असे धरू नये. पत्रव्यवहार आणि साधे तक्ते एवढेच काम असलेल्या टेबलांना लिब्रेऑफिस, आणि मॅक्रो वापरणाऱ्या हिशेब विभागाला मायक्रोसॉफ्ट ऑफिस, अशी विभागणी मी अनेकांना सुचवली आहे. चोरीची प्रत वापरण्यापेक्षा हा मार्ग शंभर पटीने सन्मानाचा आहे.

मध्येच वीज गेली तर?

वळवाच्या पावसाच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. संगणक पुन्हा सुरू करून तीच आज्ञा पुन्हा द्यावी, बहुतेक वेळा काम पूर्ण होते. अर्धवट बसलेले ऑफिस पुढेही जात नसेल आणि मागेही येत नसेल, तर सर्व काढून टाकण्याचा घटक असलेली दुसरी कॉन्फिगरेशन फाइल चालवून नव्याने सुरुवात करावी. अशी फाइल आधीच तयार करून फोल्डरमध्ये ठेवलेली बरी. सर्व्हरला यूपीएस असतो, पण भिंतीवरच्या स्विचला नसतो, हे मी फार ठिकाणी पाहिले आहे. स्विच बंद झाला की चालू सर्व्हरचा काही उपयोग नाही.

सिन्नरच्या शाखेतील संगणकांवर नाशिकच्या फोल्डरमधून बसवता येईल का?

व्हीपीएन, म्हणजे दोन्हीकडची नेटवर्के इंटरनेटवरून जोडणारा खासगी मार्ग, असेल तर तांत्रिकदृष्ट्या येईल, पण तसे करू नये. नाशिकच्या इंटरनेटचा बाहेर जाणारा वेग प्रत्येक संगणकासाठी काही जीबी वाहून नेईपर्यंत दोन्हीकडचे काम अडून राहील. संपूर्ण फोल्डर एका बाह्य डिस्कवर घेऊन सिन्नरला न्यावा, तेथील एका संगणकावर ठेवून तेथेच शेअर करावा, आणि कॉन्फिगरेशन फाइलमधील सोर्सपाथ त्या संगणकाच्या नावाने बदलावा. तो बदलायचा राहिला, तर शाखेतील सेटअप नाशिकचाच पत्ता शोधत राहील.

बिघाड झाला तर कुठे पाहावे?

सेटअप प्रत्येक वेळी नोंदीची फाइल लिहितो. तिच्या नावात संगणकाचे नाव, तारीख आणि वेळ असते. हाताने चालवले असेल तर ती वापरकर्त्याच्या टेम्प फोल्डरमध्ये, आणि स्टार्टअप स्क्रिप्टने चालवले असेल तर विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये सापडते. फाइल लांबलचक असते, म्हणून शेवटाकडून वर वाचत यावे आणि सोर्सचा पत्ता कोणता लिहिला आहे ते आधी पाहावे.

पुढची अद्यतनेही याच फोल्डरमधून द्यावीत का? नाहीतर फोल्डर पुसून टाकावा का?

कॉन्फिगरेशन फाइलमधील अपडेटपाथमध्ये शेअरचा पत्ता देऊन अद्यतने फोल्डरमधून देता येतात, पण मग दर महिन्याला डाउनलोडची आज्ञा कोणीतरी आठवणीने द्यावी लागते. तो माणूस दोन महिने विसरला, तर संपूर्ण कार्यालय दोन महिने अद्यतनांविना राहते आणि कोणालाही काही जाणवत नाही. एकट्या माणसाच्या भरवशावर चालणाऱ्या कार्यालयात संगणकांना अद्यतने थेट इंटरनेटवरून घेऊ द्यावीत. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू असेल, तर एका संगणकाने उतरवलेले भाग शेजारचे संगणक त्याच्याकडूनच घेतात.

फोल्डर पुसू नये, नवा कर्मचारी येतो किंवा डिस्क बदलावी लागते तेव्हा तो लागतोच. वर्षातून दोन-तीनदा डाउनलोडची आज्ञा पुन्हा द्यावी, डेटामधील जुन्या क्रमांकाचा फोल्डर काढावा, नव्या प्रतीवरून एका संगणकावर बसवून पाहावे, आणि फोल्डरमध्येच एका साध्या मजकूर फाइलमध्ये तारीख, आवृत्तीचा क्रमांक आणि कोणत्या टेबलांना वेगळी कॉन्फिगरेशन फाइल दिली आहे, एवढे लिहून ठेवावे. कीचा कागद मात्र फोल्डरमध्ये नव्हे, बिलांच्या फाइलमध्ये कुलपात ठेवावा.